अंगणातले काळे कमळ

हेमंताची सकाळ. धुक्याच्या धूसर दुलईतून सूर्य अजून अर्धाच उठलेला. पोफळींच्या शेंड्यांवर केशर, खाली अंगणात निळसर गारवा, आणि ताज्या सारवणाचा हिरवा, हिरवा गंध.

त्या हिरव्या गंधावर द्वारकाबाईंची बोटे शुभ्र कमळ उमलवीत होती. डोळ्यांत मोतीबिंदूचे धुके; पण बोटांना वाट पाठ. बाईंची रांगोळी तांदळाच्या पिठाची. शोभेसाठी नव्हे, मुंग्यांसाठी. कृष्णवर्णा, कृशकटी, अखंडगामिनी मुंग्यांची ती रोजची न्याहारी. मुले दूरदेशी, पाहुणे येईनासे झालेले. "दाराशी कुणी जेवून जातंय ना, तोवर घर आहे म्हणायचं," असे बाई म्हणत.

त्यांचे यजमान अच्युतराव, निवृत्त पोस्टमास्तर, यांचे मात्र मुंग्यांशी वैर. माणसाने मुंगीला उद्योगाची गुरू केले, कवींनी तिला पंख दिले. अच्युतरावांच्या लेखी ती फितूर होती. गेल्या वर्षी, बाईंना अजून दिसत होते तेव्हा, मधुमेही अच्युतरावांनी पोथ्यांमागे दडवलेले बेसनाचे लाडू एका लांबलचक काळ्या रांगेने चव्हाट्यावर आणले होते. "अहो, तुमच्या पोथ्या ऐकायला केवढी गर्दी लोटलीय!" बाई म्हणाल्या होत्या. तो अपमान ते विसरले नव्हते.

काल त्यांनी बाजारातून मुंग्यांचे विष आणले. शुभ्र, मऊ, निष्पाप दिसणारे. पुडा फाटका निघाला, म्हणून धुऊन पालथ्या घातलेल्या एका डब्यात ते ओतले. आपल्या घरांतून डब्यावरचे नाव आणि आतला जिन्नस यांची गाठ क्वचितच पडते: बिस्किटांच्या डब्यात मोहरी, दुधाच्या पावडरीच्या डब्यात रवा. सारे ओळखायचे ते जागेवरून. आणि अच्युतराव शिस्तीचे. डबा त्यांनी त्याच्या नेहमीच्या ठिकाणी नेऊन ठेवला. पिठाच्या जागी.

आता चहाचा कप घेऊन ते पायरीवर आले, आणि कप हातातच राहिला.

कमळ काळे होत होते. पाकळीपाकळीवर मुंग्या, येणाऱ्या, चाखणाऱ्या, थबकणाऱ्या, मिटणाऱ्या. मागच्यांना पुढचे ठाऊक नव्हते. त्या येतच होत्या, रोजच्या विश्वासाने, रोजच्या वाटेने.

"आल्या का हो?" बाईंनी विचारले.

"आल्या."

"जेवल्या?"

कोवळे ऊन कमळावर सरकले. "जेवल्या," अच्युतराव म्हणाले.

"तुम्ही आपणहून पीठ भरून ठेवलंत ना, त्याची चव असेल आज." बाईंचा चेहरा उजळला. "थांबा, अजून घालते." आणि त्यांनी चिमूट भरली.

अच्युतरावांनी मनगट धरले.

"द्वारके, ते पीठ नव्हे. विष आहे. मुंग्यांचं. मीच भरलं."

धुके थांबले. पोफळी थांबल्या. बाईंची चिमूट हवेतच थांबली.

"म्हणजे मी..."

"तू नव्हे गं. मी."

त्यांनी बाईंची बोटे धुतली. एकेक बोट, नखानखापाशी थांबून. केरसुणीची चाहूल लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "झाडू नका हो. पाहुण्या होत्या. हातांनी उचला."

उभ्या जन्मात स्वतःचे ताट न उचललेला माणूस गुडघ्यांवर बसला. ओल्या फडक्याने त्याने एकेक पाकळी टिपली. किती हलकी होती ती, आणि किती उचलवेना! मग घागरीमागून घागर ओतली. मग हात घासघासून धुतले. मग पिशवीतले खरे पीठ आणून, पार पलीकडे, कोरड्या जागी त्याची एक वेडीवाकडी रेघ ओढली. आणि बसून राहिला.

ऊन चढले. रेघ पांढरीच होती.

"आल्या का हो?" बाईंनी फार हळू विचारले.

"नाही," अच्युतराव म्हणाले. या खेपेला त्यांना खोटे बोलवेना.

आणि तेवढ्यात ते दचकले.

"काय झालं?"

"चावली."

"मारू नका हं!"

"नाही गं. चावू दे."

ओल्या, उजाड, उन्हात न्हालेल्या अंगणात तो म्हातारा हात पुढे करून बसला होता. श्वास आखडून, पापणी न हलवता. अंगठ्यावर एक काळा, चिमुकला, चालता जीव, आणि त्या जिवाच्या पावलांखाली हळूहळू, हळूहळू, थरथरायची थांबणारी त्वचा.