बोरचं पाणी

दुसरा फटका मारायला मंजुनाथनं हात उचलला आणि तो हवेतच राहिला. पहिल्याच फटक्यानं धनलक्ष्मी देवाच्या फळीवर जाऊन आदळली होती. पडू नये म्हणून तिनं हाताला लागेल ते धरलं, ती नेमकी सिद्धेश्वराच्या फोटोची चौकट निघाली. काच कपाळाला घासली. ती वळली तेव्हा खालचा ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं होतं आणि कपाळावर पांढरे आडवे पट्टे उमटले होते.

"विभूती," स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रव्वा म्हणाली.

मंजुनाथची ही आई. एरवी ती या वेळी दार लोटून आत बसायची. आज ती चालत पुढं आली, सुनेकडं न बघता फोटोपाशी गेली आणि काचेवरून तीन बोटं फिरवली. बोटांना पांढरी पूड लागली. तिनं ती कपाळाला लावली, उरलेली चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"हात खाली घे, मंज्या. देवानं घरात विभूती पाडलीया. असल्या घरात बाईवर हात टाकला की घर बसतंय."

मंजुनाथनं हात खाली घेतला. तो देवाला भिणारा माणूस होता. रोज सकाळी तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन मगच होटगी रोडवरचं टायरचं दुकान उघडायचा. सोमवारी दाढी नाही, श्रावणात केस नाहीत. दारूला तर त्यानं आयुष्यात हात लावला नव्हता, त्यामुळं दोष द्यायला घरात बाटलीही नव्हती. तो शुद्धीत मारायचा. भाजी खारट झाली म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून, कधी नुसतं ती बघते कशी म्हणून. मागल्या दिवाळीत त्यानं चाकाचा पाना फेकून मारला होता. भुवईवर टाके पडले, आणि माहेरच्यांना ओट्याचा कोपरा लागला असं सांगायचं ठरलं. ते कोणी ठरवलं हे सांगायला नको. बापाचा आवाज चढला की सहा वर्षांची ऋतुजा कपाटाआड जाऊन बसायची, कानांत बोटं घालायची आणि मोठ्यानं पाढे म्हणायची.

आजचं निमित्त धुळीचं होतं. त्यानं टीव्हीवर बोटानं रेघ ओढली, पांढरं बोट बायकोच्या नाकासमोर धरलं, दिवसभर घरात करतेस काय असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हाणली. तीच धूळ आता देवाची विभूती झाली होती. त्यानं चपला काढल्या, फोटोपुढं डोकं टेकलं, आणि टीव्हीपुढंही.

ती पूड कुठून येते हे धनलक्ष्मीला त्याच संध्याकाळी कळलं. उन्हाळा लागला की जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटात हवा भाजायला लागायची. ऋतुजाच्या नाकातून उशीवर रक्त यायचं, आणि कूलर लावला की तिचा घसा धरायचा. डॉक्टरांनी खोलीत ओलावा देणारं यंत्र आणायला सांगितलं होतं. दुकानात दोन प्रकार होते. एकात पंखा आणि ओली वात, त्यातून काही निघताना दिसत नाही. दुसऱ्यातून पांढरं धुकं फवाऱ्यासारखं वर येतं. दुकानदार वातीचंच घ्या म्हणत होता, धुक्याच्या यंत्राला गाळलेलं शुद्ध पाणी लागतं असंही त्यानं सांगून पाहिलं. पण मंजुनाथला चार पैसे टाकले तर काहीतरी निघताना दिसायला हवं होतं. त्यानं धुकं घेतलं.

शुद्ध पाण्याचं म्हणाल तर नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, प्यायला विकतचा जार, आणि बाकी सगळ्याला बोर. यंत्राला कोणी जारचं पाणी पाजतं का? धनलक्ष्मी तांब्यानं बोरचं ओतायची. त्या पाण्यानं बादल्या पांढऱ्या पडायच्या, नळाच्या तोंडावर खडूसारखे थर चढायचे. पाणी धुकं होऊन उडालं की त्यातला क्षार तेवढा मागं राहायचा आणि दिसेल त्या वस्तूवर बसायचा. ओठाला बर्फ लावत ती यंत्राजवळ बसली तेव्हा तिनं पाहिलं, त्याच्या शेजारचं स्टूल सगळ्यात पांढरं होतं.

ती काही बोलली नाही. का बोलावं? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला कोणाचं तरी पाठबळ मिळालं होतं, मग ते बोरच्या पाण्याचं का असेना.

मंजुनाथनं खरंच हात आवरला. बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकू घेऊन दर्शनाला येऊ लागल्या. तो त्यांना काच दाखवायचा, आमच्यावर कृपा आहे म्हणायचा आणि बायकोला चहा टाकायला सांगताना 'जरा' हा शब्द वापरायचा. राग यायचा तेव्हा मूठ आवळून गॅलरीत जायचा. एकदा त्यानं तिथली तुळशीची कुंडी लाथेनं फोडली. धनलक्ष्मीनं माती गोळा केली आणि तिला हसू आलं. कुंडी फुटली होती, ती नाही. रात्री ती कुशीवर न वळता सरळ झोपायला लागली, कारण पाठ दुखत नव्हती. यंत्रात ती न चुकता बोरचं पाणी भरत राहिली, थोडं जास्तच.

मग ऋतुजाला खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, यंत्रात पाणी कुठलं घालता. धनलक्ष्मीनं खरं सांगितलं. ते वैतागले. जी पूड टीव्हीवर बसते तीच पोरीच्या छातीत बसते, म्हणाले. जारचं पाणी घाला, टाकी रोज रिकामी करून कोरडी पुसा, आठवड्याला व्हिनेगरनं धुवा, नाहीतर फेकून द्या ते यंत्र.

रिक्षात लेकीला मांडीवर घेऊन ती रडली. तिला स्वतःची किळस आली. आपली पाठ वाचवायला आपण लेकीला काय पाजत होतो, हे तिला आता लख्ख दिसत होतं.

घरी येऊन तिनं यंत्र मोरीत नेलं. टाकी काढली. तळाशी पाणी थरथरवणारी छोटी चकती असते, तिच्यावर दगडासारखा थर चढला होता. तिनं त्यात व्हिनेगर ओतून भिजत ठेवलं, मग जुन्या टूथब्रशनं हळूहळू घासलं, दोनदा विसळलं, पुसलं आणि जारचं पाणी भरलं. चंद्रव्वा मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. धनलक्ष्मीनं हात पुसले आणि मार खायची मनाची तयारी केली.

सकाळी काचेवर विभूती होती.

दुसऱ्या दिवशीही होती. ऋतुजाची शिट्टी हळूहळू थांबली, टीव्ही स्वच्छ राहू लागला, पण फोटोवरची पूड काही हटेना. धनलक्ष्मीनं बोट लावून वास घेतला. आधीच्या पुडीला वासच नव्हता. हिला शेणाच्या राखेचा वास होता.

दुपारी सासू पेंगते त्या वेळी ती आतल्या खोलीत गेली, तर चंद्रव्वा जमिनीवर बसून खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. शेजारी पत्र्याची पेटी उघडी. पेटीतलं पांढऱ्या कापडाचं गाठोडं धनलक्ष्मीला ओळखीचं होतं, घरातलं कोणीच त्याला हात लावत नसे. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, खड्ड्यात बसवतात आणि भोवतीनं विभूतीचे गोळे ठेवतात. या घरी ते मुलानं स्वतःच्या हातानं ठेवायची रीत. चंद्रव्वानं आपल्यासाठीचे गोळे नवरा वारला त्याच वर्षी आणून ठेवले होते. गाठोडं आता निम्म्याहून रिकामं होतं.

चंद्रव्वानं वर पाहिलं. तिचा डावा हात मनगटात वाकडा होता, नवऱ्यानं पिरगाळला तो नीट बसलाच नाही. त्या हातानं तिला खल घट्ट धरता येत नव्हता. धनलक्ष्मी खाली बसली, तिच्या हातातून बत्ता घेतला आणि कुटायला लागली.

पण मंजुनाथ काही दूधखुळा नव्हता. एका संध्याकाळी जेवता जेवता तो उठला, टीव्हीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिला. बोट काळंसावळं, जसंच्या तसं. मग तो फोटोकडं गेला. मग आत गेला आणि खलबत्ता घेऊन बाहेर आला. खलाच्या तळाला पांढरं लागलेलं होतं.

"देवाच्या नावानं मला येडा बनवतीस?"

त्यानं धनलक्ष्मीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. ती खाली कोसळली तशी पोटात लाथ बसली. स्टुलावरचं यंत्र तिच्या अंगावर पडलं, पाणी घरभर झालं. कपाटाआडून सातचा पाढा ऐकू यायला लागला. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम वसूल करावं तसा तो मारत होता. बत्ता उचलायला तो वाकला. तिला वाटलं, आज संपलं. आपलं झाल्यावर ऋतुजाचं काय, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

बत्त्याचा हात वर गेला तेव्हा चंद्रव्वा मधे उभी होती. तिनं त्याच्या मुठीतून बत्ता काढून घेतला आणि त्या जागी पांढरा गोळा ठेवला.

"माझ्या खड्ड्यात तू ठेवशील म्हणून जपले हुते. हिला वाचवायला सगळे कुटले. ह्यो शेवटचा राहिलाय. धर. हिला मारायचं तर मार, पण ह्यो हिच्या खड्ड्यात ठिव. मला न्हाई लागणार."

मंजुनाथ गोळ्याकडं बघत राहिला. मूठ आवळली असती तर गोळा फुटला असता. भुईवर ठेवायचा तर सगळीकडं पाणी. तो तसाच हात पसरून उभा राहिला. तोंडानं नुसतं आईला "अव्वा" म्हणाला.

"ऊठ, धना," चंद्रव्वा म्हणाली. "पोरीला घे. करमाळ्याची गाडी मिळंल अजून."

करमाळा सुनेचं माहेर. धनलक्ष्मी भिंतीला धरून उठली. ऋतुजाच्या कानांतली बोटं काढायला वेळ लागला. चार कपडे पिशवीत कोंबून ती दाराशी आली, तोवर चंद्रव्वानं यंत्र उचललं होतं. पदरानं ते सगळीकडून कोरडं पुसून तिनं सुनेच्या काखेत दिलं.

"आत्ती, तुमी?"

"माझं काय, त्याच्या हातात माझी माती हाय."

जिन्यात दोन पायऱ्या उतरल्यावर म्हातारीनं तिला पुन्हा हाक मारली. आवाज अगदी हळू होता, घरातल्याला ऐकू जाऊ नये असा.

"तितं बोरचं पाणी घालू नको त्यात. पयल्या दिशी जिभंवर ठिवलं, तवाच कळलं हुतं मला. खारट लागलं."