कुशीवर, पाठीवर की पालथे?

“आताके, तुम्ही झोपता कसे?”

मुकाशने कोटाची बटणं सोडता सोडता हात थांबवला. जन्मभर त्याने बिश्केकच्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लोकांनी जिन्यात गाठून त्याला काय काय विचारलं होतं. लिफ्ट कधी चालू होणार इथपासून, आत अडकलेल्या सासूला अजून थोडा वेळ तिथेच ठेवता येईल का, इथपर्यंत. पण झोपता कसे, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“डोळे मिटून,” तो म्हणाला.

गाद्यांच्या दुकानातली ती पोरगी हसली. बेगिमाय असं नाव तिच्या कोटावरच्या बिल्ल्यावर होतं. “तसं नाही हो. कुशीवर, पाठीवर, की पालथे? गादी त्याच्यावरच ठरते. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याखाली मऊ लागतं, पाठीवरच्याला कमरेखाली टणक, आणि पालथं झोपणाऱ्याला तर...”

“पालथा मी फक्त लिफ्टखाली झोपलोय,” मुकाश म्हणाला. “ते पण पगारी.”

“आताके, नीट सांगा ना तिला,” चिनारा म्हणाली.

चिनारा त्याची थोरली मुलगी, तिच्या तोंडी आताके म्हणजे बाबा; दुकानातली पोरगी नुसत्या आदराने तसं म्हणत होती. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि ते बरं चालत होतं. गादी तीच घेऊन देणार होती, त्यामुळे सकाळपासून हुकूमही तिचेच चालले होते. लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवं बसून बसून मुकाशचे गुडघे गेले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता जमिनीवर अंथरूण नको, पलंग घ्या. पलंग जावयाने लगोलग आणून टाकला. तेव्हापासून त्याच्या नुसत्या फळ्यांवर मांजर झोपत होतं, आणि मुकाश व त्याची बायको सायराकान पलंगाशेजारी जमिनीवर, त्यांच्या नेहमीच्या जाड शिवलेल्या अंथरुणावर, तोशकीवर. चिनाराला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. मग फोनवर गाद्यांची माहिती बघून बघून तिने पक्कं केलं की घ्यायची तर हायब्रिडच.

“हायब्रिड म्हणजे काय गं?” मुकाशने येताना गाडीत विचारलं होतं.

“संकरित. आत स्प्रिंगा, वर फोम. दोन्हींचे गुण एकत्र.”

“म्हणजे खेचर.”

मागच्या सीटवर सायराकान तोंडाला रुमाल लावून हसली होती. त्यानंतर चिनाराने कितीही डोळे वटारले तरी दोघं म्हातारे त्या गादीला खेचरच म्हणत होते.

आता बेगिमायने मोर्चा सायराकानकडे वळवला, तिला अपा म्हणजे आई म्हणत. “अपा, तुम्हीच सांगा. आपलं आपल्याला ठाऊक नसतं, शेजारच्याला बरोबर ठाऊक असतं. हे कसे झोपतात?”

“हे? उजव्या कुशीवर. मग डाव्या. मग परत उजव्या,” सायराकान म्हणाली. “तेलात तळणाऱ्या कणकेच्या बोर्सोकासारखे उलटेपालटे चालू असतात.”

“म्हणजे कुशीवर, आणि अस्वस्थ झोप,” बेगिमाय समजूतदारपणे म्हणाली.

मुकाश खाली बघून कोटाची उरलेली बटणं सोडू लागला. बायको सांगत होती त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ते खरंही नव्हतं. मूळचा तो पाठीवर झोपणारा माणूस. लहानपणी त्याची आई म्हणायची, हा पोरगा टाकलेल्या ओंडक्यासारखा झोपतो, जसा रात्री ठेवावा तसा सकाळी उचलावा. लग्नानंतरही तो तसाच झोपत आला. मग मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं, तेही झोपेत. त्याचा श्वास बिघडलेला सायराकानला ऐकू आला, तिने आरडाओरडा करून शेजाऱ्यांना उठवलं, गाडी बोलावली, आणि तो वाचला. डॉक्टरांनी हृदयात जाळी बसवली आणि म्हणाले, आता अगदी ठणठणीत आहात.

मुकाशने ते ऐकलं आणि विश्वास ठेवला. सायराकानने ऐकलं, मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ती नीट झोपेनाशी झाली. तो ओंडक्यासारखा पडला की तिचा हात त्याच्या नाकाखाली यायचा. हात लसणाचा किंवा साबणाचा वास घेऊन यायचा, त्याला जाग यायची, पण तो झोपेचं सोंग घ्यायचा. एकदा असंच सोंग घेऊन त्याने कूस बदलली. तोशकीखालच्या लाकडी जमिनीच्या फळ्या कुरकुरल्या, हात मागे गेला, आणि जरा वेळात बायको घोरायला लागली. मुकाशला इलाज सापडला. तेव्हापासून रात्री जेव्हा जेव्हा जाग येई तेव्हा तो मुद्दाम वळायचा, फळ्या वाजवायचा. तिला झोप मिळायची. याबद्दल त्याने कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं आणि काढणारही नव्हता. रोज नवऱ्याच्या नाकाखाली हात धरावा लागतो, हे बाईला तोंडावर ऐकवण्यासारखं होतं थोडंच?

“आता ही बघा,” बेगिमाय म्हणाली. “आमची सगळ्यात चांगली.”

गादी पांढरीशुभ्र होती आणि वर प्लास्टिक घातलेलं होतं. बेगिमायने उंच दांड्याचा एक ग्लास काठोकाठ पाण्याने भरला आणि गादीच्या एका बाजूला उभा केला. चिनाराला तिने दुसऱ्या बाजूला बसायला सांगितलं. “उड्या मारा, इजे,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली. “घाबरू नका.”

चिनारा अंगाने चांगली भरलेली होती. तिने दोनदा बूड आपटलं. ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही.

“प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली आहे,” बेगिमाय अभिमानाने म्हणाली. “एकीला दुसरीचा पत्ता नसतो. एकाने रात्रभर कूस बदलली तरी शेजारच्याला कळत नाही. नवरा-बायकोची निम्मी भांडणं इथंच मिटतात.”

मुकाश गादीपाशी वाकला. त्याने ग्लासाकडे पाहिलं. पाणी अगदी स्थिर होतं, आणि त्याला नोकरीतली एक जुनी गोष्ट आठवली. खडखडणाऱ्या लिफ्टला तो कधी भ्यायला नव्हता. भीती वाटायची ती बिलकूल आवाज न करणाऱ्या लिफ्टची. कारण वर काय चाललंय ते खाली उभ्या माणसाला समजायचं नाही. या गादीवर तो वळला काय अन् न वळला काय, सायराकानला सारखंच. म्हणजे हात पुन्हा नाकाखाली येणार, आणि ती डोळे टक्क उघडे ठेवून पहाटेपर्यंत पडून राहणार. चिनारा हौसेने आईच्या झोपेवरच घाला घालत होती.

“हिला वास येतो,” तो म्हणाला.

“नव्या वस्तूला येतोच. आठवड्यात जातो.”

“उंचही फार आहे. पडलो तर?”

“आताके, तुम्ही लिफ्टच्या पोकळीत चौदाव्या मजल्यावर लोंबकळायचात,” चिनारा म्हणाली.

“तेव्हा दोरी असायची.”

मग दुसरी आणली, तिसरी आणली. मुकाशला एकीचा रंग आवडला नाही, दुसरीचं कापड. बूट काढून आडवं व्हायला तर त्याने साफ नकार दिला. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं आणि ते त्याला गाडीतच लक्षात आलं होतं. पण थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं की नावं ठेवणारा तो एकटाच नाही. सायराकानही प्रत्येक गादीवर हात दाबून बघत होती आणि नाक मुरडत होती. वास्तविक पलंगाचा धोशा तिनेच लावला होता. गुडघे धरून तो उठायचा तेव्हा तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

“ही फार मुकी आहे,” ती एका गादीबद्दल म्हणाली.

“अपा, गादी बोलते का कधी?” चिनाराचा धीर सुटत आला होता. “तुम्हाला घ्यायचीच नाहीये. सरळ सांगा ना. आजीने शिवलेल्या त्या तोशकी सोडवत नाहीत तुम्हाला.”

“तोशकींचं काय? त्या पाहुण्यांना होतील. रचून ठेवीन पेटीवर.”

तेवढ्यात चिनाराचा फोन वाजला. दुकानात कुणाचे तरी केस भलत्याच रंगाचे झाले होते. ती “हिरवे? कसले हिरवे?” असं म्हणत बाहेर गेली.

ती दाराबाहेर जाताच सायराकान बेगिमायच्या जवळ सरकली. “बाळा, एक विचारू? शेजारचा वळला की कळेल, अशी नाही का तुमच्याकडे?”

बेगिमाय गोंधळली. “अपा, लोक नेमकं उलटं मागतात.”

“मागू देत. मला कळायला हवं.”

“तुला गं कशाला कळायला हवं?” मुकाशने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचे कान तापले.

सायराकानने डोक्याचा रुमाल सारखा केला. “हे बघा चिनाराचे आताके, इथं दुकानात नको ते बोलायला लावू नका. तुम्ही वळलात की मला बरं वाटतं. झोप लागते. झालं?”

आता गप्प बसणं त्याला अवघड गेलं. “अगं, ते वळणं... तसं नसतं ते. म्हणजे मी झोपेत नाही वळत.”

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“तुम्ही मुद्दाम वळता ते. झोपलेला माणूस कूस बदलायच्या आधी घसा खाकरत नाही.”

बेगिमाय एका गादीवरची किंमत मन लावून वाचू लागली.

मुकाशने बायकोकडे पाहिलं. इतके दिवस तो स्वतःला भारी हुशार समजत आला होता. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही थांबला असतात.”

“आणि सोंग आहे हे माहीत असून तुला झोप लागते?”

“लागते की. सोंग घ्यायलाही माणूस जिवंत असावा लागतो.” ती इतक्या साधेपणाने म्हणाली, जणू मिठाचा डबा कुठे आहे ते सांगत होती.

मुकाशला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम. त्याने घसा खाकरला.

“हं,” सायराकान म्हणाली, “आता वळतील.”

बेगिमायला हसू आवरलं नाही. तिने डोळे पुसले, जरा विचार केला आणि म्हणाली, “एक आहे. कोपऱ्यात ठेवलीय, कुणी विचारत नाही. हायब्रिडच आहे, वर फोम, त्याच्यावर लोकरीचा थर. पण स्प्रिंगा जुन्या पद्धतीच्या, एकमेकींना तारेनं बांधलेल्या. एक हलली की सगळ्या हलतात. गुडघ्यांना काही वाईट नाही ती.”

“पाणी भर ग्लासात,” सायराकान म्हणाली.

काठोकाठ भरलेला ग्लास गादीच्या डाव्या बाजूला उभा राहिला. मुकाशने बूट काढले. अंगठा मोज्यातून बाहेर आला, बेगिमायने पाहिला आणि ग्लास उगाच सारखा केला. टोपी उशाशी ठेवून तो उजव्या बाजूला पाठीवर ताठ आडवा झाला. घसा खाकरला आणि वळला.

गादीतून बारीक कुरकुर झाली. ग्लास डुलला, एकदा सावरल्यासारखा झाला, आणि लवंडला. प्लास्टिकवरून पाण्याचा ओघळ सायराकानच्या हातापर्यंत आला.

“हीच,” ती म्हणाली.

बेगिमायने फडकं आणून पाणी टिपलं. पण तिचं मन अजून खात होतं, कारण ती कामात चोख पोरगी होती. “आताके, एकदा शेवटचं सांगा हं. तुम्ही नक्की कसे? कुशीवर की पाठीवर? चुकीची गादी दिली तर मलाच वाईट वाटेल.”

“मी पाठीवरचा,” मुकाश म्हणाला. “पण सध्या नोकरी कुशीवरची आहे.”

“सरका जरा,” सायराकान म्हणाली. “मलाही बघू द्या.” तिनेही बूट काढून व्यवस्थित जोडीने ठेवले, नवऱ्याकडे तोंड केलं आणि उजवा हात गालाखाली घेऊन आडवी झाली. आपण फक्त गादी तपासतोय असा आव तिच्या चेहऱ्यावर होता. मुकाश पुन्हा पाठीवर आला. छतावरच्या दिव्यांकडे बघत तो थोडा वेळ थांबला. एक दिवस आपण वळणार नाही, हे त्याला कळत होतं. तिलाही कळत असणार. मग या वेळी न खाकरता तो वळला. स्प्रिंगांनी एकमेकींना निरोप पोचवला, तिच्या पापण्या हलल्या, मग सैल पडल्या. तिचा श्वास लांब आणि जड झाला. दिवसाढवळ्या, परक्या दुकानात, कोट अंगावर असताना ती झोपून गेली.

मुकाशला उठता येईना. उठला असता तर गादीने तिला लगेच सांगितलं असतं, आणि ती जागी झाली असती.

चिनारा हिरव्या केसांचं प्रकरण निस्तरून परत आली आणि दोघांना बघून दारातच थबकली. तिच्या मागून एक तरुण जोडपं आत आलं. मुलीने गाद्यांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “ती केवढ्याची? चांगली दिसतेय.”

बेगिमायने ओठांवर बोट ठेवलं. “ती नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “ती गेलीय.”

मुकाशने ते ऐकलं. कुशीखालचा गुडघा दुखायला लागला होता, पण तो तसाच पडून राहिला. मग बायकोच्या कपाळावर पुसटशी आठी उमटली, तशी त्याने हळूच कूस बदलली.