निर्माल्य ठरलेल्या शेवंतीची कैफियत

मी सुकलेली शेवंती बोलतेय. एकटी नाही, बरणीभर. हारातली नव्हे, वेणीतली तर नव्हेच. मी चहाची शेवंती. आमच्या चीनमध्ये उन्हाळा वाढला की माणसं मला गरम पाण्यात घालून पितात आणि अंगातली उष्णता उतरली म्हणतात. त्याच कामासाठी मला खुडलं, वाफवलं, वाळवलं. जन्मात एकदा कपात पडावं, एवढंच माझं मागणं.

शारजात मी आले ती विजयकुमारांमुळे. बांधकामाच्या साइटवर उभं राहून राहून जुलैच्या उन्हाने त्यांचं तोंड आलं होतं. त्यांच्या ऑफिसातल्या चिनी लिनबाईंनी मला बंद पाकिटातून त्यांच्या हातात ठेवलं. "पाच फुलं, गरम पाणी. नो मिल्क, नो शुगर," असं तीनदा बजावलं. भारतीयांचा त्यांना अनुभव असावा.

अल मजाजच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या बायकोने, सुनेत्राने, मला काचेच्या बरणीत भरलं आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं. तिथेच घात झाला. दुसऱ्याच दिवशी विजयकुमारांच्या आई, उर्मिलाबाई, व्हिजिट व्हिसावर पुण्याहून आल्या. मला पाहून त्यांनी हातच जोडले.

"सुनेत्रा, निर्माल्य इतकं जपून ठेवतेस? कचऱ्यात नाही टाकत? शाब्बास गं!"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. सासूबाईंच्या तोंडून 'शाब्बास' पहिल्यांदाच निघालं होतं. सुनेत्राने तोंड उघडलं, मिटलं आणि ती म्हणाली, "हो आई, असू दे म्हटलं." मी बरणीत जीव तोडून ओरडले, पण वाळलेल्या फुलाचं कोण ऐकतं!

उर्मिलाबाईंनी पुण्यातल्या साऱ्या जावा-नणंदांना व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं. रोज सकाळी मला नमस्कार होऊ लागला. इकडे विजयकुमार ताकभातावर दिवस काढत विचारायचे, "अगं, तो लिनचा चहा कुठे ठेवलास?"

"शोधते हं," म्हणत सुनेत्रा त्यांना सब्जाचं पाणी द्यायची. नवऱ्याचं तोंड की सासूची शाब्बासकी, यात तिने शाब्बासकी निवडली होती. मला तिचा राग यायचा आणि खरं सांगते, कीवही यायची.

मग उर्मिलाबाईंची परत जायची वेळ आली. "त्याआधी निर्माल्य पाण्यात सोडून येऊ," त्या म्हणाल्या. रविवारी संध्याकाळी सगळे खालिद लगूनच्या, म्हणजे इथल्या खाडीच्या, काठावर आले. मला पाण्यातच पडायचं होतं, पण या खारट पाण्यात नव्हे! सुनेत्रा खाली मान घालून उभी होती. उर्मिलाबाईंनी झाकण उघडलं.

"अम्मा, रुको! पानी में कुछ नहीं डालने का!" तिथला गार्ड झुबेर धावत आला. त्याने बरणीत डोकावून पाहिलं. "अरे, ये तो चाय का फूल है! हमारे बाजूवाले चायनीज लोग रोज पीते हैं."

"हाच तर लिनचा चहा!" विजयकुमार ओरडले.

त्यांच्या मुलीला, ईशानीला, हसू आवरेना. "आजी, यू वर प्रेइंग टू टी!"

सुनेत्राचे डोळे भरून आले. "चुकलं आई. तुम्ही पहिल्यांदाच कौतुक केलंत. मला सांगवेना हो."

उर्मिलाबाईंनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग त्यांनी झाकण घट्ट लावलं. "अख्ख्या पुण्याला सांगून बसलेय मी. आता खलास. हे निर्माल्यच."

"आई, पण माझं तोंड!"

"तुला तीर्थ देते."

घरी पाणी उकळलं आणि माझी पाच फुलं त्यात पडली. अहाहा! इतक्या महिन्यांनी मी पुन्हा उमलले. पाणी कोमट झाल्यावर उर्मिलाबाईंनी चांदीची पळी काढली आणि पहिली पळी सुनेत्राच्या तळहातावर घातली. "माझा इतका धाक वाटतो होय तुला?" त्या हळूच म्हणाल्या. सुनेत्रा हसली आणि रडलीही.

विजयकुमारांनी कप पुढे केला. "तीर्थ कोणी कपाने पितं का रे?" असं ऐकून बिचाऱ्यांनी बावीस वेळा तळहात पुढे केला आणि बावीस वेळा तो डोक्याला पुसला. केस चांगलेच ओले झाले.

मंडळी, बरणीत मी अजून अर्धी उरलेय. या घरी आलात तर मला चहा म्हणू नका, पुण्यात सुनेत्राची अब्रू जाईल. उजवा हात पुढे करा आणि मुकाट्याने प्या.