बॉम्ब पडला तेव्हा गाडीत कोण होतं

मी एक जुना पत्रा आहे. छपराचा नव्हे मित्रांनो, गडगडाटाचा. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये पावसाच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारागिराने मला कापले, खालच्या कडेला लाकडी मूठ बसवली आणि रेडिओ केंद्राला दिले. तिथे मी छताच्या आकड्याला लटकलो. मूठ हलकेच हलवली की दूरची वीज, जोरात झटकली की बॉम्ब.

तेव्हा महायुद्ध चालू होते आणि दर गुरुवारी संध्याकाळी आमची युद्धमालिका लागे. आधी ध्वनिमुद्रण वगैरे काही नाही, बोलले की थेट हवेवर. मला हलवायची एव्हिस. पावले, दारे, इंजिन, सगळे आवाज तीच काढी. कॅप्टनचे काम लीथ करी, नर्सचे कोरल. कॅप्टन ट्रक हाकी, शत्रूला चकवी. नर्स बँडेज बांधी आणि रडे. कोरलच्या कागदावर बहुतेक जागी कंसात ‘हुंदका’ एवढेच असे.

“साहेब, ही बाई कधीतरी काही करेल का?” तिने एकदा दिग्दर्शक पास्कोसाहेबांना विचारले.

“करते की. काळजी करते. आणि कोरल, कागदाबाहेर एक शब्द गेला, तर पुढच्या गुरुवारी दुसरी नर्स असेल.”

“हुंदके संपले तर माझ्याकडून घे गं,” एव्हिस पुटपुटली. “आवाजांच्या पेटीत ठेवलेत.”

कोरल हसली आणि कागदावर पुढचा हुंदका शोधू लागली. भाऊ आघाडीवर गेल्यापासून घर तिच्यावर होते. हे काम तिला गमावायचे नव्हते.

एका गुरुवारी कथा अशी होती: नर्स इस्पितळापाशी उतरणार. मग कॅप्टन एकटाच पुलाकडे निघणार, बॉम्बने त्याचा हात जखमी होणार आणि तो एका हाताने ट्रक पार नेणार. पण लीथने घाईत दोन पाने एकदम उलटली. नर्स उतरायचीच राहिली आणि तो गरजला, “तो पाहा पूल!”

हाच एव्हिससाठी बॉम्बचा इशारा. तिने मला झटकले आणि मित्रांनो, मी असा कडाडलो की स्टुडिओची काच थरथरली.

“माझा हात...” लीथ विव्हळला, आणि मग त्याने पान पाहिले. तो पांढराफटक पडला. साऱ्या क्वीन्सलँड प्रांताने ऐकले होते की नर्स अजून गाडीतच आहे, आणि पुढच्या पानांवर तर कॅप्टन एकटाच होता. हवेवर गेलेला आवाज परत घेता येत नाही. काचेपलीकडे पास्कोसाहेब दोन्ही हात हलवत होते, पण त्याचा अर्थ कुणाला लागेना. एव्हिस इंजिन घरघरवत राहिली. आता कुणीतरी बोलायलाच हवे होते.

कोरल मायक्रोफोनपाशी सरकली. हुंदका दिला नाही.

“कॅप्टन, सरका तिकडे. स्टीअरिंग माझ्याकडे द्या.”

“तुला... तुला येतं?” लीथला खरेच ठाऊक नव्हते.

“घरी पावाची गाडी मीच चालवायचे. सरका म्हणते ना.”

हे खरे होते. भावाची पावाची मोटार रोज पहाटे तीच घरोघर नेई. एव्हिसचे डोळे चमकले. तिने एका हाताने गिअर खरखरवला, दुसऱ्याने मला धरले. डावीकडे बॉम्ब, उजवीकडे बॉम्ब! “पुढे खड्डा आहे, धरून बसा,” कोरल ओरडली, आणि लीथ खरोखरच टेबल धरून बसला. मी इतक्या आनंदाने कधी हललो नव्हतो. ट्रक पार झाला. संगीत वाजले.

पास्कोसाहेब लालबुंद होऊन आत आले. “कोरल, तुला बजावलं होतं...” तेवढ्यात फोन खणखणला आणि त्यांनी तो उचलला. पलीकडून कुणीतरी तावातावाने बोलत होते.

“मान्य आहे, नर्सने ट्रक चालवणं म्हणजे... नाही? मग तक्रार काय?” साहेबांनी कागदावर काहीतरी टिपून घेतले. फोन ठेवून म्हणाले, “ट्रक ड्रायव्हर आहे. म्हणतो, उतारावर गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायला हवा होता.”

“आणि माझ्या हाताबद्दल?” लीथने विचारले.

“काही नाही.”

कोरलने टोपी घातली होती, पर्सही उचलली होती. साहेबांनी तिच्याकडे, मग एव्हिसकडे पाहिले.

“पुढच्या गुरुवारी क्लच दोनदा ऐकू आला पाहिजे. दोघींना सांगतोय.”

मित्रांनो, आता मी एका शाळेत नाटकाच्या सामानात पडून आहे. एक कोपरा गंजलाय. मला ओल्या भिंतीला टेकवू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि लढाईचे नाटक बसवाल तेव्हा ‘तू लढ, तू रड’ असे वाटून टाकण्याआधी ज्याला त्याला, जिला तिला विचारा, तुला काय येतं? मग खुशाल माझी मूठ धरा. बॉम्ब मी आजही पाडतो.