विरजणाचं मूळ गाव

स्वप्नाच्या हातून सासूबाईंचं विरजण मेलं.

असं काहीही झालेलं नाही. काचीगुड्यातल्या त्या घरात दही काल लागलं होतं, आज लागलंय आणि उद्याही लागेल. तेव्हा आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

पार्वतीबाई लग्न होऊन हैदराबादला आल्या त्या नांदेडहून दोन गोष्टी घेऊन: बाबासाहेबांची तसबीर आणि डबीभर विरजण. तसबीर भिंतीला लागली, विरजण दुधाला लागलं. तेव्हापासून आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, असा वंश चालू होता. मुलगा बुद्धभूषण बँकेत लागला तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या, "चांगलं लागलं." दही लागल्यावरही त्या हेच म्हणत, पण जास्त मनापासून.

पुतणीच्या, म्हणजे रेणूच्या लग्नाला गावी निघताना त्यांनी डबी सुनेच्या हातात दिली.

"रेणूचा संसार इथंच, हैदराबादच्या हिमायतनगरला लागायलाय. रविवारी येताना मी तिला घेऊनच येते, तिला ह्यातलं विरजण द्यायचंय. तू तर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतीस, तुला काय सांगावं."

हे शेवटचं वाक्य स्वप्नाला नंतर फार टोचलं.

त्या आठवड्यात कॉलेजात पेशी सिद्धांत चालू होता. मुलांना दाखवायला स्वप्नाने जुन्या पद्धतीचं सूक्ष्मदर्शक करायला घेतलं. बेगम बाजारातून आणलेली काचेची कांडी गॅसवर धरायची, तार ओढायची, तारेचं टोक वितळवून मोहरीएवढा मणी करायचा आणि तो भिंग म्हणून पुठ्ठ्याच्या भोकात बसवायचा. एका शेगडीवर काच, दुसरीवर दूध. टेबलाशी सासरे सूर्यभान. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते कुठलीही माहिती ऐकून घेत.

"लेवेनहूक म्हणून एक कापडवाला होता, बाबा, हॉलंडचा. धागे तपासायला भिंग वापरायचा. मग एकदा त्यानं दातांवरचा मळ भिंगाखाली घेतला."

"गिऱ्हाईक नसंल त्या दिवशी."

"त्यात वळवळणारे जीव दिसले. त्याच्या आधी हूक नावाच्या एका इंग्रजाला बुचाच्या कापात ओळीनं खोल्या दिसल्या होत्या. पेशी हे नाव तिथून सुरू झालं. पण खोल्या रिकाम्या. बूच मेलेलं असतं ना."

"म्हणजे घर सापडलं, भाडेकरू नाही."

"भाडेकरू पुढे सापडले. मग कळलं की झाड असो, माणूस असो, सगळं पेशींचंच. आणि पेशी होते ती आधीच्या पेशीतूनच, आपोआप नाही. हे आधी म्हणाला रेमाक, नाव झालं विर्खोव्हचं."

सूर्यभानांनी विचार केला. "म्हणजे विरजण रेमाकचं अन् दही विर्खोव्हचं."

स्वप्ना हसायला लागली ती थांबेना. एका हातात तापलेली काच, दुसऱ्या हातात डबी. एक चमचा घालायचा होता, हसता हसता सगळी डबी उकळत्या दुधात रिकामी झाली. वर तिनं नीट ढवळलं. उष्णतेने जिवाणू मरतात हे ती दरवर्षी दोन तुकड्यांना शिकवते.

दूध फाटलं. सूर्यभानांनी तोंडासमोर पेपर धरला.

"बाबा."

"मी काही बघितलं नाही. पेपर वाचायलो."

"तो तेलुगू आहे. तुम्हाला वाचता येत नाही."

"म्हणूनच वेळ लागायलाय."

आधीच्या पेशीशिवाय पेशी नाही, आणि डबी धुतल्यासारखी मोकळी. आता घरात दही उगवणार नव्हतं. स्वप्नाने ठरवलं की काहीही झालेलं नाही, आणि वाटी घेऊन वरच्या मजल्यावर त्रिवेणीअक्कांकडे गेली.

सकाळी दही लागलं. तिनं त्याचा थेंब मण्याखाली धरला. बारीक काड्या थरथरत होत्या. पण त्या कुठल्या, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

रविवारी पार्वतीबाई रेणूला घेऊन आल्या. पाय धुऊन पहिलं काम, दह्याचं बोट जिभेवर. सगळे थांबले.

"मी गावी गेले तर ह्यालाबी गाव आठवलं," त्या म्हणाल्या. "इतकं नांदेडी कधी लागलं नव्हतं."

सूर्यभान खोकले. मग पार्वतीबाईंनी पुठ्ठा डोळ्याला लावला आणि हरखून गेल्या.

"आपलेच हायेत. बघ गं रेणू, कसे घाईत हायेत. नांदेडच्या बसस्टँडवर असंच असतंय."

रेणूने डबी पुढे केली. तेव्हा मात्र स्वप्नाला राहवेना.

"आई, हे आपले नाहीत. आपले मी उकळले. हे अक्कांचे आहेत."

बुद्धभूषणने हळूच पंखा बंद केला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात त्रिवेणीअक्का आपली वाटी परत न्यायला दारात आल्या.

"अक्का," पार्वतीबाईंनी विचारलं, "तुम्हारा दही कहाँ का?"

"कहाँ का बोले तो? तुमिच दिए थे ना. मैं इस घर में नवी आई थी जब."

घरात एकदम जीव आला. वंश जिवंत होता, फक्त जिना चढून गेला होता. रेणूने टाळ्या वाजवल्या, बुद्धभूषणने पंखा लावला.

"हौ," अक्का पुढे म्हणाल्या, "मेरी अम्मा का वरंगल वाला बी था. दोनों मिला दी मैं. कैकू फेकना?"

पंखा पुन्हा बंद झाला. सगळे पार्वतीबाईंकडे बघू लागले. त्यांनी आणखी एक बोट दही चाटलं.

"त्याचं काय नाही," त्या म्हणाल्या. "मधी एकदा माझंबी नासलं होतं. अक्काकडूनच गपचूप आणलं होतं मी."

"म्हणजे आपण इतकी वर्षं वरंगलचं खायलोय?" सूर्यभानांनी विचारलं.

"अर्धं."

आधी अक्का हसल्या, मग रेणू, मग पार्वतीबाई पदरात तोंड घालून. हसता हसताच त्यांनी रेणूची डबी भरली आणि घरची डबी स्वप्नाच्या हातात ठेवली. "आता ही तुझी. माझ्या हातून मेलं, तुझ्या हातून मेलं, फिटंफाट. फक्त दूध कोमट."

एकट्या सूर्यभानांचं समाधान होईना. गाव कुठलं हे कागदावर आल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. त्यांनी त्याच बैठकीला लिहायला घेतलं:

"प्रति, मा. तहसीलदार, नांदेड. प्रत माहितीसाठी: मा. तहसीलदार, वरंगल. विषय: दह्यातील जिवाणूंच्या मूळ गावाबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, आपल्या कार्यालयाने सोबतच्या वाटीची प्रत्यक्ष पाहणी करून नांदेडचे जिवाणू कोणते व वरंगलचे कोणते हे निश्चित करावे व प्रत्येकास स्वतंत्र रहिवासी दाखला द्यावा. अर्जदार जिवाणू तासाभरात दुप्पट होत असल्याने दाखल्यांच्या प्रती त्या मानाने छापून ठेवाव्यात, आणि पाहणीस येताना दूध कोमट आणावे."