जात्यावरची ओवी

फिटर चिमाजीनं चाळिशीत बाजाची पेटी शिकायला घेतली ती एकाच हट्टापायी. त्याची बायको यशोदा जात्यावर जी ओवी म्हणायची, ती त्याला वाजवून दाखवायची होती. चिंचवडात पिठाची गिरणी आली आणि तिचं गाणंच बंद पडलं होतं.

पण मास्तरांचं एकच तुणतुणं, "आधी हात बसू दे. गाण्याचं नाव काढलंस तर शिकवणी बंद!" तीन वर्षं कारखान्यातून आल्यावर चिमाजी नुसते सारेगमचे पलटे घोटत बसला.

एकदाची परवानगी मिळाली. त्याच संध्याकाळी त्यानं अख्खी ओवी वाजवली. एक सूर चुकला नाही.

चुलीपुढून यशोदा करवादली, "आज नवा पलटा दिला व्हय मास्तरांनी? बास करा आता, डोकं उठलं."