वारा बघून पेटवलेली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. अंगाने पत्र्याची बादली, आतून मातीचा लेप, पोटात लोखंडी जाळी. दिगंबरपंतांची बदली कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली, तेव्हा १९५१ साली त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मला सियालदहच्या बाजारातून आणले. माझ्यावरची भाकरी टम्म फुगली की मीही फुगायचे!

पण कोळसा पेटताना मी फार धूर ओकायचे. म्हणून गल्लीतल्या साऱ्या शेगड्या संध्याकाळी दाराबाहेर पेटवत आणि निखारे लाल झाले की आत नेत. थंडीत तो धूर गल्लीतच साचून राही. आमची सात वर्षांची शकुन दम्याची. ती खोकू लागली की मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

त्या डिसेंबरात साताऱ्याहून पंतांच्या थोरल्या बहीण कालिंदीआत्या आल्या. शकुनला धाप लागलेली पाहून त्यांनी गल्लीतला धूर नको म्हणून खिडक्या लावल्या, मला खाटेजवळ ओढले आणि निखाऱ्यांवर ओवा टाकला.

"वन्सं, तिला धूर सोसत नाही हो," मालतीबाई म्हणाल्या.

"अगं, ही औषधी धुरी! तुझ्या नवऱ्याला अशीच देऊन वाढवलंय मी."

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! शकुनचे ओठ निळे पडू लागले. मालतीबाईंची किंकाळी ऐकून शेजारच्या बंगाली मीनाक्षीबौदी, म्हणजे मीनाक्षीवहिनी, धावत आल्या.

"दीदी, खिडकी खोलो! बच्ची को छत पर ले चलो!"

वर गच्चीत हवा मोकळी होती. तिथेच बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी सुई टोचली, तेव्हा कुठे तिची धाप बसली. आत्या खाली येऊन माझ्याजवळ बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला दोन जिने चढवून गच्चीत नेले. शकुन बरी झाल्यावर आत्यांच्या वातींच्या कापसाचा पुंजका हवेत सोडून वारा कुठून येतो ते बघायची आणि हुकूम द्यायची, "गंगेकडून वारा! शेगडी पूर्वेला!" गंगा आमच्या पश्चिमेला; आत्या निमूटपणे मला उचलून पूर्वेच्या कडेला ठेवत, म्हणजे धूर घरावर न येता पुढे निघून जाई. पुढच्या हिवाळ्यात बौदींसह चार घरांच्या शेगड्या गच्चीत आल्या. गल्ली काही निर्धूर झाली नाही, पण आमच्या खिडक्यांशी धूर कमी झाला, आणि दम्यामुळे सारखी शाळा बुडणारी शकुन रोज शाळेत जाऊ लागली.

१९५५ साली पंतांची बदली नागपूरला झाली. मला बौदींच्या स्वाधीन करताना शकुनने त्यांच्या तळहातावर कापूस ठेवला. "पहले इसको उडाना, फिर इसको जलाना," ती म्हणाली. एका दमात म्हणाली, मित्रांनो, मध्ये एकदाही न थांबता!

आता माझा लेप गळतो आहे. मला खुशाल पेटवा, तुमच्यासाठी जळणे हेच माझे काम. फक्त काडी ओढण्याआधी घरात कुणाला धाप लागते का ते विचारा, आणि चिमूटभर कापूस उडवून बघा.